आधी वाकणं

गाडीनं कुणालाही धक्का लावला नव्हता. तरी माणसं पडत होती.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर तेच चित्रण पुन्हा एकदा चाललं होतं. मिरजेचा दवाखाना रस्ता, सकाळची गर्दी. पांढरी रुग्णवाहिका येते आहे. तिच्यात चालक नाही, कारण ती स्वयंसारथी आहे. रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी एक निवृत्त पोस्टमास्तर उभे आहेत, हातात औषधांची पिशवी. गाडी त्यांना दुरूनच हेरते आणि वेग कमी करू लागते. पोस्टमास्तर पाऊल टाकतात, गाडीकडे बघतात, पाऊल मागं घेतात. पुन्हा टाकतात. मग मध्येच काय मनात येतं कोण जाणे, गर्रकन वळून पदपथाकडे झेप घेतात आणि कडेला पाय अडकून आडवे होतात. गाडी तोवर त्यांच्यापासून चांगल्या अंतरावर निमूटपणे थांबलेली असते.

“खुब्याचं हाड,” इर्शाद म्हणाला. “आणि गाडीची चूक काय? शून्य. नियमाप्रमाणे थांबलीय. आता माणूसच उलटी उडी मारायला लागला तर आपण काय करावं, सांगा.”

इर्शाद मुजावर गाडीचे डोळे बनवायचा आणि सुनीती मगदूम गाडीचे पाय. आल्यागेल्याला तो ओळख तशीच करून द्यायचा. पाय म्हणजे चाकं आणि गाडीचं अंग यांना जोडणारे दांडे, स्प्रिंगा, त्यांचे कोन. सगळं मिळून निलंबन. सुनीतीनं सहा वर्षं त्या कोनांवर घालवली होती. त्यातून ही ‘निश्चल’ रुग्णवाहिका उभी राहिली. ब्रेक लागला तरी नाक खाली न घालणारी.

दार उघडलं आणि डॉक्टर शिरगुप्पे आत आले. मणक्याच्या शस्त्रक्रियेत त्यांचा हात धरणारं आसपासच्या तीन जिल्ह्यांत कुणी नव्हतं. पेशंटला हिसका न देणारी गाडी करून द्या म्हणून सहा वर्षांपूर्वी ह्या प्रयोगशाळेचा उंबरा त्यांनीच झिजवला होता. आज मात्र ते बसले नाहीत.

“मगदूम मॅडम, आदेश निघाला. उद्यापासून तुमच्या गाड्या उभ्या. जिल्ह्यात कुठंही फिरवायच्या नाहीत.”

“आणि गिरिजा?” सुनीतीनं हळूच विचारलं.

गिरिजा कवठ्याच्या शाळेत खो-खो शिकवायची. विहिरीच्या कठड्यावरून तोल जाऊन पडली आणि मानेचा मणका सरकला. मज्जारज्जू अजून शाबूत होता, बोटं हलत होती. पण वाटेत एखादा जोराचा ब्रेक लागला, मान पुढं सरकली, की पुढचा जन्म खाटेवर. शस्त्रक्रिया मिरजेतच होणार होती आणि फार दिवस थांबण्यात अर्थ नव्हता. तिला आणायला निश्चल जायची होती.

“तिच्या एकीच्या मानेसाठी चार म्हाताऱ्यांचे खुबे मोडू काय?” डॉक्टर म्हणाले. आवाज चढला होता, पण तो राग तिच्यावर नव्हता. “जिल्ह्याच्या वाहन सुरक्षा समितीचा अध्यक्ष मीच आहे. सही माझीच आहे त्याच्यावर. रविवारी त्याच रस्त्यावर फेरचाचणी घेतो. माणसं बिनघोर रस्ता ओलांडली तर गाड्या सोडतो. नाहीतर गिरिजाला साध्या गाडीतनं आणायचं, देवाचं नाव घेऊन.”

मग ते स्टूल ओढून बसले.

“आता एकदा नीट सांगा बघू. सहा वर्षं ऐकतोय, गाडी झुकत नाही, झुकत नाही. म्हणजे तुम्ही केलंय काय?”

“डॉक्टर, तुम्ही पळता पळता एकदम थांबलात तर पायांत कुठं भार येतो?”

“चवड्यावर.”

“गाडीचंही तेच. थांबताना मागच्या चाकांवरचा भार पुढच्या चाकांवर जातो. आम्ही त्याला भारसंक्रमण म्हणतो. तो किती जाणार, हे ब्रेक किती जोरात लागला, गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत अंतर किती आहे, एवढ्यावरच ठरतं. तो भार कुणालाच चुकवता येत नाही.”

“मग तुम्ही काय चुकवलंत?”

“गुडघा. चवड्यावर भार आला की माणसाचा गुडघा वाकतो. गाडीत ते काम स्प्रिंग करते. ती दबते आणि नाक खाली जातं. हे अवनमन. आम्ही चाकाला धरणारे दांडे असे तिरके बसवले की ब्रेक लागताना चाक जो मागं रेटा देतं, तोच त्या तिरक्या दांड्यातून टेकूसारखा वर लागतो. जेवढ्या जोरानं गाडी खाली जाऊ बघते, तेवढ्याच जोरानं टेकू तिला वर तोलतो. ही नमनरोधक मांडणी. भार पुढं जातोच. फक्त गुडघा वाकत नाही.”

“म्हणजे भार येतो, दिसत नाही एवढंच,” डॉक्टर म्हणाले. “माझ्याकडं अशी माणसं येतात. असो. रविवारी.”

डॉक्टर गेल्यावर इर्शादनं लांब श्वास सोडला.

“मॅडम, आपण आधी दिवा लावला. कपाळावर हिरवी पट्टी, थांबताना लुकलुकणारी. लोकांना वाटलं लग्नाची गाडी आहे. मग आवाज बसवला. पुण्याहून रेकॉर्ड होऊन आला, ‘कृपया आपण मार्गक्रमण करावे.’ भाजीवाल्या बाया हसून हसून बेजार. मी म्हटलं ‘जावा की पुढं’ असं बोलायला लावा, तर पुण्याचे लोक मला म्हणाले प्रमाणभाषा राहिली पाहिजे. आता उरलं काय? गाडीतनं हात बाहेर काढायचा?”

सुनीती हसली, पण तिचं लक्ष भिंतीवर होतं, त्या पुढं आलेल्या आणि मागं गेलेल्या पावलावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला निघाली. चातुर्मास चालू होता. दर वर्षी ती काही ना काही नियम घ्यायची. कधी हिरवी भाजी सोडायची, कधी मीठ. यंदा तिनं बस्तीत उतरलेल्या आर्यिका माताजींकडून चालण्याचा नियम घेतला होता. मुनी-आर्यिका चालतात तसं चार हात पुढची जमीन निरखत चालायचं, पायाखाली मुंगी-किडा येऊ नये म्हणून. पहिले काही दिवस खांबावर आदळायची वेळ आली होती. इर्शाद म्हणाला होता, “मॅडम, मुंग्या वाचतील, पण विजेचे खांब शिल्लक राहणार नाहीत.” आता सवय झाली होती. खाली बघूनही रस्ता कळत होता.

ऊन पडलं होतं. ती दवाखाना रस्त्याच्या कडेला आली आणि थांबली. डावीकडून दुधाची जुनी गाडी खडखडत येत होती, माणूस चालवत होता ती. सुनीतीनं मान वर केली नाही. आणि तिचा पाय आपोआप उचलला. ती चालू लागली, पलीकडे पोचली, आणि मगच तिच्या ध्यानात आलं की ती गाडी थांबली होती.

तिला कसं कळलं होतं?

चालकाचा चेहरा तिनं पाहिला नव्हता. दिवे पाहिले नव्हते. ब्रेक करकरला असेल, पण शेजारून जाणाऱ्या रिक्षेच्या भोंग्यात काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. ती वळून परत पदपथावर उभी राहिली. आणखी एक गाडी आली. तिनं चार हात पुढची जमीन धरून ठेवली. जमिनीच्या त्या तुकड्याच्या टोकाला गाडीचं तोंड आलं. तोंडाची खालची कडा आणि डांबर यांच्यामध्ये उन्हाची एक पट्टी. ती पट्टी बारीक झाली. सुनीतीचा पाय उचलला.

तिसरी गाडी आली. पट्टी तेवढीच राहिली. पाय जागच्या जागी. ती गाडी थांबायची नव्हतीच. भुर्रकन निघून गेली.

सुनीती त्या दिवशी दर्शन घेऊन आली, पण स्तोत्र म्हणताना दोनदा ओळ चुकली.

“इर्शाद, आपल्या चाचणीपथावर एक साधी गाडी आणा आणि एक निश्चल. दोन्ही माझ्यासमोर थांबवा. मी खाली बघत उभी राहते. कुठली आली ते मला सांगू नका.”

“विम्याचे कागद कुठं ठेवलेत तेवढं सांगून ठेवा.”

“चालवा हो.”

साधी गाडी आली, तिचा पाय उचलला. पुन्हा साधी, पुन्हा उचलला. मग निश्चल आली. गाडी मऊ लोण्यासारखी येत होती. ती थांबणार हे सुनीतीला माहीत होतं, तिचे कोन तिनं स्वतः मोजले होते, तिच्या ब्रेकचा एकेक आकडा तिला पाठ होता. आणि पाय उचलेना. टाच वर आली आणि पुन्हा टेकली. गाडी थांबल्यावरही ती तशीच उभी राहिली.

“जावा की,” इर्शाद ओरडला. “थांबलीय!”

“माझाच पाय माझं ऐकत नाही,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि चेहऱ्यावर हसूही होतं. “इर्शाद, शंभर वर्षं झाली असतील माणसं गाड्यांसमोरून चालताहेत. ती दिवे बघत नाहीत, चालक बघत नाहीत. गाडी वाकली की जातात. वाकली म्हणजे तिनं आपल्याला पाहिलं. कुणी कुणाला हे शिकवलेलं नाही, म्हणून कुणाला सांगताही येत नाही. पोस्टमास्तरांना विचारलं असतं तरी ते म्हणाले असते, ‘गाडी अंगावर येतेय असं वाटलं.’ आपण पेशंटसाठी गाडीचं वाकणं काढून टाकलं. आत एकाला आराम दिला आणि बाहेरच्या सगळ्यांशी बोलणंच बंद केलं.”

इर्शादनं डोकं खाजवलं. “मग वाकवू. गाडी वरखाली करणारे उचलदंड आहेतच की बसवलेले, खड्ड्यांसाठी. ब्रेक लागला की पुढचे दंड आखडून घ्यायचे. नाक खाली. सोपं आहे.”

सोपं नव्हतं. संध्याकाळपर्यंत गाडी वाकायला लागली, पण थांबायला जास्त जागा घ्यायला लागली. दर वेळी हातभर पुढं जायची. इर्शादनं टायर बदलले, दाब बदलला, शिव्या बदलल्या. हातभर म्हणजे हातभर.

“वाकायला लावली तर थांबत नाही, थांबायला लावली तर वाकत नाही. आमच्या धाकट्यासारखी झालीय.”

“हे आपल्याला परवडणार नाही,” सुनीती म्हणाली. “वाकून पुढं येणारी गाडी त्या न वाकणाऱ्या गाडीपेक्षा वाईट.”

इर्शाद चाकांखालच्या भारपाटावर उभा होता. भारपाट म्हणजे जमिनीत बसवलेला सपाट काटा. गाडीचं एकेक चाक त्यावर उभं केलं की त्या चाकावर किती भार आहे ते भिंतीवरच्या आकड्यांत दिसतं. त्याची वायर सुटल्यासारखी वाटली म्हणून तो झपकन उकिडवा बसला. भिंतीवरचा आकडा त्याच्या वजनापेक्षा पार खाली घसरला, मग उसळून वर गेला आणि जागेवर आला.

“बघितलंत?” तो म्हणाला. “वजन घटवायचा उपाय. बायकोला दाखवायला पाहिजे.”

“पुन्हा बसा.”

“काय?”

“पुन्हा बसा. तसेच, झपकन.”

तो बसला. आकडा पडला.

“आता उठा. झटक्यात.”

तो उठला. उठायला लागला त्या क्षणी आकडा त्याच्या वजनाच्या कितीतरी वर गेला.

“आता हळू बसा. देवापुढं बसतो तसं.”

इर्शाद सावकाश खाली गेला. आकडा जेमतेम हलला.

सुनीती कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मग खडू घेऊन फळ्याकडे गेली, पण काही लिहिलं नाही, वळून बोलायलाच लागली.

“आपण गाडीला ब्रेकबरोबर वाकवत होतो. अंग खाली पडायला लागलं की तेवढा क्षण चाकावरचा भार हलका होतो, तुम्ही बसताना झाला तसा. आणि नेमका त्याच क्षणी आपण त्या चाकाला म्हणतोय की रस्ता घट्ट धर. हलक्या पायानं कोण घट्ट धरेल? म्हणून हातभर पुढं.”

“मग?”

“वाकायचं आधी. ब्रेकच्या आधी, सावकाश. म्हणजे भार फारसा हलणार नाही. आणि ब्रेक लागताना उठायचं. उठताना काटा वर जातो. चाकाला पकड जास्त लागते त्याच वेळी भार जास्त मिळेल. उठायला वेगळा जोरसुद्धा नको. दांडे आणखी थोडे तिरके करू. टेकू भारापेक्षा वरचढ होईल, ब्रेकच गाडीला उचलेल.”

इर्शादनं मनात हिशेब केला. “पेशंट?”

“वाकते तेव्हा गाडी थांबत नसते, त्यामुळे पेशंटला पुढं ओढणारं काही नसतं. थांबायला लागते तेव्हा नाक वर येत असतं, म्हणजे पुढं सरकू बघणारी मान मागं तोलली जाते. त्याचं तर भलंच.”

“मॅडम, एक अडचण आहे.” इर्शादचा चेहरा एकदम गंभीर झाला. “साधी गाडी वाकते कारण ती थांबतेय. तिला खोटं वाकताच येत नाही. आपली गाडी आधी वाकणार. वाकली, आणि समोरचा माणूस जागचा हललाच नाही, तर तिचा मेंदू म्हणेल, वाट मोकळी आहे, निघा. आणि तेवढ्यात तो निघाला तर? नमस्कार करून खिसा कापल्यासारखं होईल.”

“होईल,” सुनीती म्हणाली. “म्हणून तिला एक नियम घालून द्यायचा. वाकली की वाट द्यायची. समोरचा गेला तर गेला, नाही गेला तर थांबायचं. मागं कितीही घाई असो, वाकणं परत घ्यायचं नाही.”

“गाडीला चातुर्मास लावताय तुम्ही.”

“चार महिन्यांचा नाही. कायमचा.”

त्यानं तो नियम गाडीच्या मेंदूच्या मुळाशी बसवला, जिथं बाकीच्या कुठल्याही आज्ञेला पोचता येत नाही. दांड्यांचे कोन बदलायला दोन दिवस गेले. शनिवारी गाडी चाचणीपथावर वाकली, मग थांबली. पूर्वीपेक्षा हातभर अलीकडे. इर्शादनं पथावरच बैठक मारली.

रविवारी डॉक्टर शिरगुप्पे आले ते थेट स्ट्रेचरवर चढले.

“पट्टे आवळा. डोकं धरून ठेवणारे ठोकळे लावा. माझ्या पेशंटला झोपवायचं तर आधी मी झोपणार. मानेपाशी हिसकामापक बसवलाय ना? छान. समितीची माणसं चौकाचौकांत उभी आहेत. कुणी पडलं तर मला इथंच फोन येईल.”

गाडी निघाली. सुनीती त्यांच्या शेजारी बसली होती, इर्शाद पुढं आकड्यांसमोर. दवाखाना रस्ता लागला. रविवार असल्यानं बाहेरगावचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक, फळवाले, भाजीच्या बुट्ट्या, सगळं रस्त्यावर आलेलं. काचेतून सुनीतीला दिसलं: पुढं पट्ट्यांपाशी एक बाई, कडेवर पोर, दुसऱ्या हातात डबा. गाडी अजून लांब होती. गाडीचं नाक सावकाश, अदबीनं खाली गेलं. बाईनं एकदा बघितलं आणि चालू लागली. अडखळली नाही, थांबली नाही, पोराशी बोलतच पलीकडे गेली. मग काठी टेकत एक आजोबा. मग कॉलेजातल्या तीन मुली, गाडीकडे धड न बघताच.

सुनीतीनं डोळे मिटून मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हटला.

“मॅडम,” डॉक्टर छताकडे बघत म्हणाले, “चौक कधी यायचा?”

“तीन गेले, डॉक्टर.”

“थट्टा करू नका. एकदासुद्धा ब्रेक लागला नाही.”

“आपण परतीच्या वाटेवर आहोत.”

डॉक्टरांनी डोक्याचे ठोकळे स्वतःच काढून फेकले आणि उठून बसले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“रस्ता मोकळा करून घेतलात काय? पोलीस लावलेत? मगदूम मॅडम, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. सहा वर्षांत तुम्ही कधी आकडा फुगवून सांगितला नव्हता.”

“डॉक्टर, मी कुणालाही—”

“इर्शाद, ब्रेकची नोंद दाखव.”

इर्शाद स्वतःच त्या नोंदीकडे तोंड उघडं टाकून बघत होता. “सर, नोंद आहे. पण… काहीच नाही. वेग थोडा कमी झालेला दिसतोय, बारा ठिकाणी. ब्रेक लागलाच नाही. मला वाटलं यंत्र बिघडलं.”

“पुन्हा चला,” डॉक्टर म्हणाले. “मी पुढं बसतो.”

गाडी पुन्हा निघाली. डॉक्टर काचेला नाक लावून बसले. पहिल्या पट्ट्यांपाशी एक म्हातारी होती, डोक्यावर भाकऱ्यांचं गाठोडं. गाडी दुरूनच वाकली. म्हातारी निघाली. गाडीनं वेग जरासा उतरवला. गाडी पट्ट्यांपाशी पोचली तेव्हा म्हातारी पलीकडच्या पदपथावर चढत होती आणि समोरचा रस्ता रिकामा होता. गाडी तशीच पुढं गेली.

दुसऱ्या पट्ट्यांपाशी तेच. तिसऱ्यापाशी तेच.

“तुम्ही काय केलंत हे?” अखेर ते म्हणाले. आता आवाजात राग नव्हता.

सुनीतीलाही ते आत्ताच, त्यांच्याबरोबरच उमगत होतं. ती शब्द जुळवत बोलली.

“आधी काय व्हायचं, डॉक्टर, माणसाला कळायचं नाही. तो थबकायचा, पुढं-मागं करायचा, आणि त्याचं ठरेपर्यंत गाडीला पूर्ण थांबून राहावं लागायचं. साध्या गाडीतही वाकणं ब्रेकनंतरच येतं, म्हणजे ब्रेक लावल्याशिवाय सांगताच येत नाही. आम्ही वाकणं ब्रेकच्या आधी आणलं, ते फक्त चाकाला पकड मिळावी म्हणून. पण आधी सांगितलं की माणूस आधी निघतो. आधी निघाला की गाडी पोचेपर्यंत तो पलीकडे असतो. मग थांबायचं कुणासाठी?”

“ब्रेक नाही, म्हणजे ते तुमचं भारसंक्रमण नाही.”

“नाही.”

“पेशंटला हिसका नाही. कारण हिसक्याची वेळच नाही.” डॉक्टर तिच्याकडे वळले. “म्हणजे मॅडम, तुमची ती सहा वर्षांची मांडणी, ते टेकू, ते कोन, सगळं आज कामालाच आलं नाही की.”

इर्शादनं चपापून सुनीतीकडे बघितलं. पण ती मोकळी हसली.

“नाही आलं. रोज न येवो.”

डॉक्टरांचा फोन वाजला. समितीचे सदस्य बोलत होते. पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. कुणी पडलं नाही, कुणी थबकलं नाही, गाडी केव्हा येऊन गेली तेही धड कळलं नाही, आता चाचणी सुरू करा. “झाली चाचणी,” डॉक्टर म्हणाले. “चहा घेऊन घरी जावा.” आणि मग सुनीतीला म्हणाले, “कवठ्याला आत्ताच निघा. मी शस्त्रक्रियागृह तयार ठेवतो.”

गिरिजाला गाडीत घेतलं तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. तिची आई मागच्या गाडीत बसली. गिरिजाची मान ठोकळ्यांत घट्ट धरलेली होती. तिला फक्त छत दिसत होतं आणि छताच्या कडेनं सुनीतीचा चेहरा.

“ताई,” ती म्हणाली, “मी पोरांना खुंटापाशी झटक्यात थांबायला शिकवते. थांबताना काय होतं ते मला माहिताय. मला ब्रेकचीच भीती वाटते. लागायच्या आधी सांगाल? मी दात आवळून घेते.”

“लागला की सांगते,” सुनीती म्हणाली आणि तिचा हात हातात घेतला. बोटं हलत होती.

गाडी निघाली. द्राक्षांचे मळे मागं पडले. वाटेत एका गावात शाळेच्या पटांगणातून खेळून आलेली पोरं रस्त्याच्या कडेला उभी होती; गाडी दुरून वाकली आणि पोरं एकमेकांना ढकलत पळत पलीकडे गेली. एका वळणावर शेळ्यांचा कळप आला. इर्शाद पुटपुटला, “आता बघू, शेळ्यांना कळतंय काय.” गाडी वाकली. पुढची शेळी चालू लागली, तिच्यामागं सगळा कळप. इर्शादनं मागं वळून सुनीतीकडे बघितलं आणि दोन्ही हात कानांना लावले.

दात आवळायला तयार असल्यासारखा गिरिजाचा जबडा घट्ट होता. मिरज आली, दवाखाना रस्ता आला, तिन्ही चौक मागं पडले. तिनं दोनदा सुनीतीकडे प्रश्नार्थक पाहिलं; सुनीतीनं दोनदा मान हलवून नाही म्हटलं.

मग दवाखान्याचं दार आलं. तिथं मात्र थांबणं भागच होतं. दारात डॉक्टर शिरगुप्पे हिरव्या अंगरख्यात उभे होते, मागं दोन परिचारिका. गाडी त्यांच्यासमोर वाकली. पुढच्या चाकांवर भार आला, टेकू लागला, नाक वर उचललं गेलं आणि चाकांनी रस्ता धरला. हिसकामापकाची रेघ सरळ राहिली. सुनीतीच्या हातातली गिरिजाची बोटंही तशीच सैल राहिली.

“लागला,” सुनीती म्हणाली.

“कधी?” गिरिजानं विचारलं.